जिभेवरची बधिरता

१८८४ च्या उन्हाळ्यापर्यंत डोळ्याची शस्त्रक्रिया करून घेणारा माणूस बहुधा पूर्ण शुद्धीत असे. इथरची भूल येऊन तेव्हा अडतीस वर्षं लोटली होती, क्लोरोफॉर्मला सदतीस. पाय कापणारे, गाठी काढणारे सर्जन भुलीशिवाय सुरी उचलत नव्हते. मोतीबिंदू काढणारा डॉक्टर मात्र सहायकाला रुग्णाचं डोकं दाबून धरायला सांगे, पापण्या फाकवे आणि समोर बघणाऱ्या माणसाच्या डोळ्यात पातं घाले.

यामागे निर्दयपणा नव्हता. इथरचा अंमल उतरताना रुग्णाला ओकाऱ्या येत. डोळ्याच्या जखमेला टाके घालण्याइतकी बारीक सुई आणि दोरा तेव्हा सर्रास वापरात नव्हता; जखम आपली आपण मिटेपर्यंत माणसानं निपचित पडून राहायचं, एवढाच उपाय. ओकारीची एक जोराची उबळ आली की डोळ्यातला दाब वाढे, जखम उघडे, आतला द्रव बाहेर येई आणि चांगली झालेली शस्त्रक्रिया वाया जाई. शिवाय इथरचा मुखवटा डॉक्टरच्या हाताच्या आड येई. आणि डोळ्याच्या डॉक्टरला रुग्ण जागा हवाच असतो. वर बघा, खाली बघा, हलू नका, हे झोपलेल्या माणसाला सांगता येत नाही. म्हणजे माणूस जागा राहावा, पण त्याचा डोळा तेवढा बधिर व्हावा, अशी ही मागणी होती. असं औषध जगात कुठे नाही, अशीच त्या काळच्या डॉक्टरांची समजूत होती.

व्हिएन्नात नेत्रविद्या शिकवणारे फर्डिनांड आर्ल्ट ही अडचण आपल्या विद्यार्थ्यांपुढे बोलून दाखवत. बाकीच्यांनी ते ऐकून सोडून दिलं. कार्ल कोलर या तरुण डॉक्टरच्या ते मनात रुतून बसलं. बोहेमियातल्या एका लहान गावातून आलेला हा ज्यू मुलगा व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात उमेदवारी करत होता. त्यानं प्राण्यांच्या डोळ्यांत क्लोरल घालून पाहिलं, ब्रोमाइड घालून पाहिलं, मॉर्फिन घालून पाहिलं. कशानेही डोळा बधिर होईना. शेवटी त्यानं तो नाद सोडला.

त्याला हवं होतं ते औषध तेव्हा एका बाटलीत होतं. चोवीस वर्षांपासून होतं. आणि ज्यानं ते पहिल्यांदा शुद्ध स्वरूपात काढलं, त्यानं त्याचा नेमका हाच गुण लिहूनही ठेवला होता.

ही चोवीस वर्षं मला फार अस्वस्थ करतात, म्हणून जरा मागे जाऊ. 'नोव्हारा' हे ऑस्ट्रियाचं जहाज १८५७ ते १८५९ अशी पृथ्वीप्रदक्षिणा करून आलं. त्यावरच्या कार्ल शेर्झर यांनी दक्षिण अमेरिकेतून कोकाच्या वाळक्या पानांचा मोठा साठा आणला. अँडीज पर्वतातले लोक चुन्याबरोबर किंवा राखेबरोबर ही पानं चघळत आणि दिवसदिवस डोंगर चढत, हे युरोपला ठाऊक होतं. त्या पानांत आहे काय, ते कळत नव्हतं. पानं गोटिंगेनला फ्रीडरिश व्होलर यांच्या प्रयोगशाळेत पोचली आणि व्होलरनी ते काम आल्बर्ट नीमान या विद्यार्थ्यावर सोपवलं. नीमाननं पानांतून पांढरे स्फटिक काढले, त्यांना कोकेन हे नाव दिलं आणि १८६० मध्ये त्यावर प्रबंध लिहिला. चव कडू आहे, लाळ सुटते आणि जिभेला जिथे लागतं तिथे बधिरपणा येतो, अशी नोंद त्यात आहे. त्या काळी नवा पदार्थ चाखून बघणं हा रसायनशास्त्रज्ञाच्या रोजच्या कामाचा भाग होता. रंग, गंध, चव या तिन्ही नोंदी व्हायच्याच. कोकणातल्या बांगड्याच्या आमटीत घातलेलं तिरफळ चुकून दाताखाली आलं की जिभेची जी गत होते, तिच्यावरून या नोंदीची थोडीफार कल्पना येईल. नीमान पुढच्याच वर्षी, वयाच्या सव्विसाव्या वर्षी वारला. जिभेची नोंद प्रबंधात राहिली.

काम पुढे नेलं ते त्याच प्रयोगशाळेतल्या व्हिल्हेल्म लॉसेननं. त्यानं कोकेनचं बरोबर सूत्र ठरवलं आणि रेणू फोडून दाखवला. पाण्यात आम्ल घालून कोकेन तापवलं की त्याचे तीन तुकडे होतात: मिथाइल अल्कोहोल, बेंझोइक आम्ल आणि एकगोनिन नावाचा नायट्रोजनयुक्त गाभा. यावरून कोकेनची जात कळली. ते एस्टर आहे. आम्ल आणि अल्कोहोल एकत्र येतात, पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि उरतं ते एस्टर. फळांचे वास, फुलांचे वास बऱ्याच अंशी याच कुळातले. कोकेनमध्ये असे दोन सांधे आहेत. त्यांतला महत्त्वाचा सांधा बेंझोइक आम्लाचा, म्हणजे सहा कार्बनच्या बेंझीन वलयाला चिकटलेल्या आम्लाचा. सरबतं आणि लोणची टिकावीत म्हणून सोडियम बेंझोएट घालतात, ते याच आम्लाचं मीठ. कोकेन दमट हवेत हळूहळू फुटतं आणि त्यातून मिथाइल बेंझोएट हे आणखी एक सुवासिक एस्टर सुटतं. अमली पदार्थ हुंगून काढणारे प्रशिक्षित श्वान कोकेन ओळखतात ते मुख्यतः या वासावरून.

तर रसायनशास्त्रज्ञांच्या हाती पूड होती, सूत्र होतं, रेणूचे तुकडे होते आणि जिभेची नोंद होती. डार्मश्टाटची मर्क कंपनी ती पूड विकतही होती. १८८० च्या सुमारास व्हासिली फॉन आन्रेप या रशियन डॉक्टरनं कोकेनचा द्राव स्वतःच्या कातडीखाली टोचून घेतला, तिथे सुई टोचलेली कळत नाही हे पाहिलं आणि याचा शस्त्रक्रियेत उपयोग होऊ शकेल असं सुचवलं. तेही कुणी उचललं नाही. एका इमारतीत माणसं वेदनेनं ओरडत होती आणि दुसऱ्या इमारतीत त्या वेदनेवरचा इलाज चाखून, वर्णन करून, कपाटात ठेवलेला होता.

१८८४ च्या वसंतात त्याच व्हिएन्नाच्या रुग्णालयात अठ्ठावीस वर्षांच्या सिग्मंड फ्रॉइडनं मर्ककडून थोडं कोकेन मागवलं. मनोविश्लेषण अजून खूप लांब होतं. फ्रॉइड तेव्हा मज्जासंस्थेचा अभ्यास करणारा, लग्न ठरलेला आणि पैशाची चणचण असलेला डॉक्टर होता. थकवा, खिन्नता, अपचन, मॉर्फिनचं व्यसन अशा अनेक गोष्टींवर कोकेन चालेल, असं त्याला वाटत होतं. आपला मित्र एर्न्स्ट फॉन फ्लाइश्ल याचं मॉर्फिन सोडवायला त्यानं कोकेन दिलं आणि फ्लाइश्ल त्या दुसऱ्या व्यसनातही अडकला. जुलैमध्ये फ्रॉइडचा कोकावरचा लेख छापून आला. बधिर करण्याच्या गुणातून पुढे उपयोग निघतील, असा ओझरता उल्लेख त्याच्या शेवटाला आहे. स्नायूंची ताकद कोकेननं वाढते का, हे मोजायला त्यानं कोलरला सोबत घेतलं होतं. मग तो वाग्दत्त वधूला भेटायला हॅम्बुर्गजवळच्या वांड्सबेकला निघून गेला.

पुढचा प्रसंग कोलरनं स्वतःच नंतर सांगितला आहे. एंगेल नावाचा एक सहकारी आणि तो थोडं कोकेन चाखत होते. एंगेल म्हणाला, जीभ काय बधिर होते बघ. कोलर म्हणाला, हो, ज्यानं ज्यानं हे तोंडात घातलं त्या प्रत्येकाच्या हे लक्षात आलंय. आणि हे बोलता बोलताच त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पूर्वी जे शोधत होतो ते या क्षणी आपल्या खिशात आहे.

तो तडक सालोमोन श्ट्रिकर यांच्या प्रयोगशाळेत गेला. प्राध्यापक नव्हते, त्यांचा सहायक गेर्टनर होता आणि त्यानं पुढे या दिवसाची हकीकत लिहून ठेवली. कोलरनं खिशातून लहानशी बाटली काढली. तळाशी पांढरी पूड होती. ही पूड डोळा बधिर करील असं मला वाटतं, असं त्यानं सांगितलं, आणि दोघांनी लगेच चिमूटभर पूड पाण्यात विरघळवली. काचेच्या टाकीतून एक चपळ, मोठा बेडूक काढून फडक्यात धरला आणि त्याच्या एका डोळ्यात थेंब सोडला. मग दर काही सेकंदांनी सुईच्या टोकानं कॉर्नियाला, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, स्पर्श करत राहिले. पहिल्यांदा डोळा मिटला. पुन्हा मिटला. साधारण मिनिटभरानं सुई टेकली आणि डोळा उघडाच राहिला. सुईनं ओरखडा काढला तरी बेडूक हलला नाही. दुसऱ्या डोळ्याला नुसता स्पर्श केला, तो तत्काळ मिटला.

मग ससा, मग कुत्रा. मग त्यांनी एकमेकांच्या पापण्या वर उचलून द्राव घातला, समोर आरसा ठेवला आणि टाचणीचं डोकं स्वतःच्या बुबुळावर टेकवलं. काही कळत नाही, असं दोघंही जवळजवळ एकदमच म्हणाले.

डोळ्यात साधं कुसळ गेलं तरी माणूस कासावीस होतो. कॉर्नियात वेदना जाणणाऱ्या तंतूंची जितकी दाटी आहे तितकी शरीरात क्वचितच कुठे असेल. तिथे टाचणी टेकवून काही न कळणं म्हणजे काय, ते या दोघांइतकं स्पष्ट त्याआधी कुणालाच जाणवलं नसेल.

१५ सप्टेंबर १८८४ ला हायडेलबर्गला नेत्रतज्ज्ञांची परिषद भरली. कोलरजवळ प्रवासाचे पैसे नव्हते. त्याचं छोटंसं टिपण त्रिएस्तेच्या डॉ. ब्रेटाउअर यांनी तिथे वाचून दाखवलं आणि एका रुग्णाच्या डोळ्यावर प्रात्यक्षिकही केलं. सभागृहात न्यूयॉर्कचे नेत्रतज्ज्ञ हेन्री नॉइस होते. त्यांनी लगेच घरच्या वैद्यकीय साप्ताहिकाला पत्र धाडलं आणि ऑक्टोबरमध्ये ते छापूनही आलं. महिन्याभरात बातमी अटलांटिकपार गेली. कोलर स्वतः व्हिएन्नाच्या डॉक्टरांच्या सभेत १७ ऑक्टोबरला बोलला. स्थानिक भुलीचं युग सुरू झालं ते असं, एका गैरहजर माणसाच्या कागदावरून.

वांड्सबेकहून परतलेल्या फ्रॉइडला ही कीर्ती हुकल्याची चुटपुट पुढे कित्येक वर्षं लागून राहिली. पण दुसऱ्या वर्षी त्याच्या वडिलांच्या डोळ्यावर काचबिंदूची शस्त्रक्रिया झाली तेव्हा भूल द्यायला कोलर होता, शस्त्रक्रिया करायला लेओपोल्ड क्योनिगश्टाइन आणि मदतीला फ्रॉइड. कोकेन वापरात आणण्यात वाटा असलेले तिघेही एकाच खोलीत होते. कोलरच्या वाट्याला मात्र व्हिएन्ना आलं नाही. १८८५ च्या जानेवारीत एका सहकाऱ्यानं त्याला ज्यू म्हणून शिवी दिली, कोलरनं त्याच्या तोंडात मारली आणि प्रकरण तलवारीच्या द्वंद्वापर्यंत गेलं. कोलरला इजा झाली नाही, समोरचा जखमी झाला. नेत्रचिकित्सालयातली हवी ती जागा कोलरला कधीच मिळाली नाही. तो आधी हॉलंडला गेला आणि १८८८ मध्ये न्यूयॉर्कला. तिथेच त्यानं आयुष्यभर डोळे तपासले आणि १९४४ मध्ये तिथेच तो वारला.

शोधकथा सहसा इथे संपवतात. माझ्या मते निम्मी गोष्ट अजून बाकी आहे, आणि ती निम्मी जास्त मोलाची आहे. बधिर करणारी पूड कुठे लावायची, हे कोलरनं शोधलं. पण त्या पुडीच्या रेणूतलं नेमकं काय बधिर करतं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ते न कळल्याची किंमत माणसं जिवानिशी मोजत होती.

न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॅल्स्टेड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कोकेन थेट नसांच्या मुळाशी टोचून अख्खा हात, अख्खा जबडा बधिर करून दाखवला. प्रयोग स्वतःवर आणि एकमेकांवर केले होते. त्या काळातला अमेरिकेचा सर्वांत हुशार सर्जन काही महिन्यांत कोकेनचा गुलाम झाला. व्यसन सोडवायच्या खटपटीत मॉर्फिन लागलं, ते शेवटपर्यंत सुटलं नाही. १८८६ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या प्राध्यापक कोलोम्निन यांनी शस्त्रक्रियेसाठी कोकेन दिलेली रुग्ण दगावली. त्यांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली. मात्रा थोडी वाढली की झटके, श्वास बंद, मृत्यू. डोळ्यात वारंवार घातलं तर कॉर्निया खराब होई. आणि द्राव उकळून निर्जंतुक करायला जावं तर तो एस्टरचा सांधाच तुटे आणि औषध निकामी होई. म्हणजे धोकादायक, महाग आणि उकळताही न येणारं. तरीही दुसरं काही नसल्यानं सगळे तेच वापरत होते.

कोकेनच्या रेणूत एकगोनिनचा गाभा आहे. त्याच्या एकमेकांत अडकलेल्या वलयांची रचना रसायनशास्त्रज्ञांना वीस वर्षं चकवत होती. या भारदस्त गाभ्यातच बधिर करण्याची शक्ती असणार, असं कुणालाही वाटेल. पण नुसतं एकगोनिन जिभेवर ठेवलं तर काहीच होत नाही. ब्रेस्लाऊच्या व्हिल्हेल्म फिलेननं १८८७ मध्ये उलट बाजूनं विचार केला. दुसऱ्याच अल्कलॉइडांना त्यानं बेंझोइक आम्लाचा तुकडा जोडला आणि तपासलं. तीही बधिर करू लागली. पाउल एर्लिशनंही बेंझॉइल तुकड्यावरच बोट ठेवलं. म्हणजे गुण गाभ्यात नव्हता, बाजूच्या बेंझोइक एस्टरमध्ये होता. लॉसेननं फोडलेल्या तीन तुकड्यांतला सगळ्यांत साधा, सगळ्यांत स्वस्त तुकडा.

म्युनिकच्या आल्फ्रेड आइनहॉर्ननं या धाग्याला धरून आयुष्य घातलं. कोकेनच्या गाभ्याची रचना काय, यावर तो वर्षानुवर्षं काम करत होता आणि त्यानं मांडलेली रचना चुकीची निघाली. ती चूक दाखवली त्याच्याच विद्यार्थ्यानं, रिचर्ड व्हिलश्टेटरनं. कोकेनवर काम करायला आइनहॉर्ननं त्याला मज्जाव केला होता, म्हणून आडोल्फ फॉन बायर यांच्या सल्ल्यावरून त्यानं कोकेनच्या जवळच्या नातलगाचा, अॅट्रोपिनच्या कुळातल्या ट्रोपिनचा, अभ्यास केला आणि तिथून १८९८ मध्ये कोकेनचं कोडं सोडवलं. व्हिलश्टेटरला पुढे दुसऱ्या कामासाठी नोबेल मिळालं. आइनहॉर्नच्या मनात काय झालं असेल, याची कल्पना करवत नाही.

पण रचनेची स्पर्धा हरलेल्या याच माणसानं औषध तयार केलं, आणि त्यासाठी त्या गाभ्याची बरोबर रचना त्याला लागलीच नाही. तो गाभा त्यानं टाकूनच दिला. त्याचा प्रश्न असा होता: बेंझोइक एस्टर ठेवलं आणि बाकी सगळं काढलं, तर किती थोडक्यात भागेल?

१८९० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यानं काढलेलं ऑर्थोफॉर्म उघड्या जखमेवर भुरभुरलं की वेदना थांबे, पण पाण्यात विरघळेना, म्हणून टोचता येईना. त्याच्या आधीच, १८९० मध्ये, एदुआर्ड रिट्सर्ट यानं पॅरा-अमिनोबेंझोइक आम्लाचं इथाइल एस्टर बनवलं होतं. तेच आजचं बेंझोकेन. वलय, त्याच्या एका टोकाला अमिनो गट, दुसऱ्या टोकाला एस्टर. इतका आटोपशीर रेणू, आणि जीभ बधिर करतो. पण तोही पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. हायड्रोक्लोरिक आम्लाशी त्याचं मीठ करून विरघळवलं तर द्राव इतका आंबट होतो की टोचल्यावर आग होते, कारण वलयाला थेट चिकटलेला तो नायट्रोजन अतिशय दुबळा अल्क आहे. आइनहॉर्ननं मग एस्टरमध्ये दुसरा, जास्त अल्कधर्मी नायट्रोजन आणून पाहिला. निर्व्हानिन नावाचं औषध निघालं. विरघळलं, पण हवं तसं चाललं नाही. पॅरिसला एर्नेस्ट फूर्नोही याच वाटेनं चालला होता. १९०४ च्या सुमारास त्यानं स्टोव्हेन हे बेंझोइक एस्टर काढलं. ते व्यसन लावत नव्हतं, पण टोचलेल्या जागी जळजळ करत होतं.

आइनहॉर्नची शेवटची चाल साधी होती. बेंझोकेनमध्ये एस्टरच्या टोकाला असलेल्या इथाइल गटाच्या शेवटी त्यानं डायइथाइलअमिनो गट बसवला. पुढचं वलय तेच, सांधा तोच, शेपटीला तेवढा एक सबळ नायट्रोजन. हायड्रोक्लोराइड केलं की पाण्यात सहज विरघळतं, द्राव आंबट राहत नाही, आग होत नाही. उकळला तरी द्राव टिकतो. १९०४ मध्ये पेटंट झालं, होक्स्ट कंपनीनं ते नोव्होकेन या नावानं बाजारात आणलं. वैद्यकाच्या पुस्तकांतलं नाव प्रोकेन.

औषधाची परीक्षा घेतली लाइपझिगच्या हाइन्रिश ब्राउन या सर्जननं. कोकेनच्या जागी येणारं औषध कसं हवं, याच्या त्याच्या अटी पक्क्या होत्या: विष कमी, ऊतींना इजा नाही, पाण्यात विरघळणारं, निर्जंतुक करता येणारं, आणि अॅड्रेनॅलिनबरोबर नांदणारं. शेवटची अट त्याचीच सूचना होती. टोचलेलं औषध रक्त वाहून नेतं आणि बधिरता उतरते. अॅड्रेनॅलिन तिथल्या रक्तवाहिन्या आवळतं, औषध जागीच थांबतं आणि शरीरात एकदम पसरत नाही. कोकेन वाहिन्या स्वतःच आवळतं, प्रोकेन उलट त्या सैल करतं, म्हणून अॅड्रेनॅलिनशिवाय प्रोकेनची भूल फार लवकर उतरली असती. ब्राउननं १९०५ मध्ये निकाल प्रसिद्ध केला आणि दोन-तीन वर्षांतच दात काढणाऱ्यांपासून पोट उघडणाऱ्यांपर्यंत सगळीकडे प्रोकेन गेलं.

हे सगळं चालतं कसं, याचा उलगडा पुढच्या पिढ्यांनी केला. मज्जातंतूच्या पडद्यात सोडियमच्या मार्गिका असतात. त्या उघडतात तेव्हा वेदनेचा संदेश पुढे सरकतो. पडदा स्निग्ध आहे. रेणूची वलयाची बाजू स्निग्धात मुरते, शेपटीचा नायट्रोजन पाण्यात रमतो आणि एस्टर या दोघांना योग्य अंतरावर धरून ठेवतं. विद्युतभाराविना रेणू पडदा ओलांडतो, आत जाऊन प्रोटॉन घेतो आणि मार्गिका आतून अडवतो. संदेश तिथेच थांबतो. नंतर औषध वाहून गेलं की तंतू पूर्ववत काम करू लागतो.

आणि मला सर्वांत विलक्षण वाटतं ते हे: कोकेन उकळताना जो सांधा तुटे, ज्याच्यापायी डॉक्टर हैराण झाले होते, त्याच जातीच्या सांध्यानं प्रोकेन सुरक्षित झालं. आपल्या रक्तद्रवात एस्टर फोडणारं एक विकर असतं. प्रोकेन रक्तात पोचलं की ते हा सांधा तोडतं. मोठ्या माणसाच्या रक्तात प्रोकेनचा निम्मा भाग मिनिटभराच्या आत संपलेला असतो. उरतं ते पॅरा-अमिनोबेंझोइक आम्ल आणि एक लहान अमिनो-अल्कोहोल. दोन्ही बधिर करत नाहीत. कोकेनही शरीरात फुटतं, पण इतक्या झपाट्यानं नाही, आणि मेंदूत पोचायला त्याला पुरेसा वेळ मिळतो.

प्रोकेनमधल्या आम्लाच्या तुकड्यामुळे त्याचे दोषही आले. काही लोकांना पॅरा-अमिनोबेंझोइक आम्लाची अॅलर्जी असते. जंतूंना मात्र तेच आम्ल वाढीसाठी हवं असतं, आणि सल्फा औषधं त्याची जागा अडवून जंतूंना उपाशी मारतात. सल्फा घेणाऱ्या रुग्णाला प्रोकेन दिलं की जंतूंना आयतं अन्न मिळतं. शिवाय प्रोकेन कातडीतून, बुबुळातून फारसं आत शिरत नाही. ज्या डोळ्यासाठी हा सगळा खटाटोप सुरू झाला, त्या डोळ्यात नुसता थेंब घालून ते चालतच नाही! ते काम याच कुळातल्या दुसऱ्या एस्टरांनी केलं. टेट्राकेन आधी, प्रोपॅराकेन नंतर. आज मुंबई-पुण्यापासून तालुक्याच्या गावापर्यंत डोळ्याचा दाब मोजण्याआधी किंवा बुबुळावरचा कण काढण्याआधी जो थेंब घालतात, तो बहुधा प्रोपॅराकेनचा.

दातांच्या दवाखान्यातून मात्र एस्टर गेलं. १९४३ मध्ये स्टॉकहोमला निल्स लोफग्रेन आणि बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी लिडोकेन काढलं, आपल्याकडे ज्याला सगळे झायलोकेन म्हणतात ते. त्यात वलय आहे, शेपटीला नायट्रोजन आहे, मधे मात्र एस्टरऐवजी अमाइड आहे. हा सांधा रक्तात तुटत नाही, यकृतात सावकाश तुटतो. भूल जास्त वेळ टिकते आणि अॅलर्जी फार क्वचित. प्रोकेन मग वेगळ्याच कामाला लागलं. पेनिसिलीनशी त्याचं जे मीठ होतं ते पाण्यात जेमतेम विरघळतं, म्हणून स्नायूत टोचलं की पेनिसिलीन तिथून हळूहळू सुटत राहतं. दर तीन-चार तासांनी सुई खाणाऱ्या रुग्णाला दिवसातून एका इंजेक्शनवर आणलं ते प्रोकेन पेनिसिलीननं.

आणि बेंझोकेन अजूनही आपल्या फार्मसी कॉलेजांत बनतं. बी.फार्म.च्या मुलांना ते प्रात्यक्षिकाला असतं. गोल बुडाच्या चंबूत पॅरा-अमिनोबेंझोइक आम्ल आणि निर्जल अल्कोहोल घ्यायचं, तीव्र सल्फ्युरिक आम्ल थेंबाथेंबानं सोडायचं, वर कंडेन्सर लावून दोनेक तास उकळत ठेवायचं. घाई केली तर एस्टर पूर्ण होत नाही, आणि पाणी राहिलं तर झालेलं एस्टर परत फुटतं. मग मिश्रण थंड पाण्यात ओतून सोडियम कार्बोनेटचा द्राव हळूहळू घालायचा. इथे मुलं हमखास गडबड करतात. एकदम ओतलं की फेस चंबूच्या तोंडावरून ओट्यावर येतो. सावकाश घातलं तर फेस निवत जातो, लिटमस निळा होतो आणि ढगाळ पाण्यात पांढरे स्फटिक बसू लागतात. गाळून, धुऊन, अल्कोहोल-पाण्यातून पुन्हा स्फटिक करून वाळवायचे आणि वितळणबिंदू बघायचा: नव्वद अंशांच्या आसपास आला तर बेंझोकेन, एकशे सत्त्याऐंशीच्या जवळ आला तर सुरुवातीचं आम्लच परत मिळालं. जिभेला लावून बघायची परवानगी आता कुणालाच नाही, आणि ते योग्यच आहे.

तोंडी परीक्षेत यावर एक प्रश्न हटकून येतो. बेंझोकेन घशाच्या गोळीत चालतं, मलमात चालतं. मग त्याचं इंजेक्शन का नसतं? चांगला विद्यार्थी सांगतो की ते पाण्यात विरघळत नाही, आणि आम्लात विरघळवलं तर टोचल्यावर आग होते. मग परीक्षक विचारतात, विरघळायला काय कराल? मुलं फळ्यावर वलय काढतात, एस्टर काढतात, आणि इथाइलच्या टोकाला दुसरा नायट्रोजन जोडतात.